पुण्यस्मरणाच्या मजकुरातला एक शब्द

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, आजीच्या प्रथम पुण्यस्मरणाचा जो मजकूर तुम्ही वर्तमानपत्रात द्यायला तयार केलाय, तो काल मोबाइलवर वाचला. फोटो चांगला निवडलात, गावच्या अंगणातला, हिरव्या लुगड्यातला. नावांचा क्रमही बरोबर आहे. फक्त "प्रेमळ, कष्टाळू गृहिणी" इथे मी अडले. फोन केला असता तर मला रडू फुटलं असतं आणि तुम्ही "बरं, बघू" म्हणून आईकडे फोन दिला असता. म्हणून लिहितेय.

"गृहिणी" काढून तिथे "लालबागमध्ये चोवीस वर्षं खानावळ चालवणाऱ्या" असं छापूया.

तुम्हाला हे रुचणार नाही, माहीत आहे. कॉलेजात कुणीतरी तुम्हाला "ए खानावळवालीच्या" म्हणून हाक मारली होती आणि त्यानंतर तुम्ही एकाही मित्राला घरी आणलं नाहीत, हे आईने मला फार पूर्वी सांगितलंय. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, हे मात्र तुम्ही कुणालाही ताठ मानेने सांगता. सांगायलाच हवं. पण त्या साच्यांपुढे पाय रोवून उभी राहणारी बावीस माणसं आजीच्या हातचं जेवून कामावर जायची, तेही त्याच मानेने सांगायला हवं ना?

संगमेश्वराकडची सोळा वर्षांची मुलगी १९५५ साली जयगडला बोटीत बसली आणि भाऊच्या धक्क्याला उतरली. आजोबा तेव्हा बदली कामगार. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, घेतलं तर काम, नाहीतर घरी परत. तुमचा जन्म झाल्यावर त्यात भागेना, तेव्हा तिने शेजारच्या गाळ्यातल्या चार गाववाल्यांना महिन्याच्या बोलीवर जेवायला घातलं. चाराचे बावीस झाले. खोली तेवढीच राहिली, दहा बाय बाराची.

गिरणीच्या पाळ्या तीन. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सकाळी सात. म्हणजे त्या खोलीत कुणाचं ना कुणाचं पान मांडलेलंच. तुमचा सगळा अभ्यास बाहेर गॅलरीत झाला, कारण आत पंगत. रत्नागिरीकडच्यांना भात लागायचा, साताऱ्याकडच्यांना भाकरी, दोन्ही व्हायचं. सोमवारी सुकटीचा डबा फळीवरच राहायचा. रात्रपाळीचा माणूस केसांत कापूस घेऊन सकाळी यायचा, त्याला रात्रीचं वाढायचं नाही, ताजाच भात वाढायचा, हा तिचा नियम. मला हे तिने स्वतः सांगितलं, मी दहावीच्या सुट्टीत तिच्याजवळ भाताचा अंदाज शिकत होते तेव्हा. "दमलेल्या माणसाला थंड भात गिळवत न्हाय" म्हणाली. कुणी कमी जेवला तर तिला लगेच कळायचं. "घास का जात न्हाय? गावावरनं कागद आलाय काय रं?"

ते कागद तुम्ही वाचून दाखवायचात, बाबा. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते जेवण झाल्यावर खिशातून पत्र काढायचे आणि सातवी-आठवीतल्या मुलापुढे धरायचे. उत्तरंही तुम्हीच लिहायचात. मी इकडे खुशाल आहे, मनीऑर्डर पोचल्याचे कळवणे. कुणाची गाय मेली, कुणाच्या बायकोला मुलगा झाला, हे त्या माणसाच्या आधी तुम्हाला कळायचं. तुम्ही पोस्टात लागलात ते पुढे १९८१ मध्ये, पण मला वाटतं तुमची पोस्टातली नोकरी त्या पंगतीतच सुरू झाली होती.

पगार महिन्यातून एकदा आणि तांदूळ, रॉकेल, मसाला रोज लागणार. मधले दिवस किराणावाल्याच्या उधारीवर. त्याचं देणं थकलं की मंगळसूत्र गहाण, पगार झाला की सोडवायचं, पुढच्या महिन्यात परत गहाण. गिरणगावातल्या बहुतेक खानावळवाल्यांचं हेच चाललेलं असायचं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झालं होतं, पण तारणाला काहीच नसलेल्या बाईला बँकेत कोण उभं करणार? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बायकांना एकत्र आणलं, एकीला दुसरीचा जामीन केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीने दीड हजार रुपये घेतले आणि शेवटच्या रुपयापर्यंत फेडले. त्या कर्जासाठी ती सही शिकली. पाटीवर तिचं नाव तुम्हीच गिरवून घेतलंत, बाबा. मग त्या कर्जाच्या कागदावर तिचा धंदा काय लिहिला होता, तेही तुम्हाला आठवत असेल. खानावळ. बँकेने पन्नास वर्षांपूर्वी जे मानलं, ते आपण घरच्यांनी आता पुसायचं का?

आता वहीबद्दल. मागच्या गणपतीत पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेली ती लांबट वही मी तुम्हाला विचारून इकडे आणली. तुम्ही ती उघडून पाहिली नाहीत, "ने" एवढंच म्हणालात. मी तिचं पान न् पान पाहिलंय. आजीला आकडे यायचे, अक्षरं सहीपुरतीच. म्हणून प्रत्येक माणसाला एक चित्र. मासा, पखवाज, चष्मा, नांगर, छत्री. चित्रापुढे दिवसाच्या दोन रेघा, खाडा असेल तिथे टिंब. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्याबद्दल आणि त्या अडीच लाख कामगारांबद्दल मी बरंच वाचलंय. पण गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर आपल्या खोलीत काय झालं, ते या वहीत आहे. फेब्रुवारीच्या पानावर सगळ्यांपुढे दोन-दोन रेघा आहेत. मार्चच्याही. एप्रिलपासून एकेक चित्र नाहीसं होत जातं, माणसं गावाला निघाली असणार. श्रावणात तीनच उरली. संपापूर्वीच्या प्रत्येक महिन्याखाली पैसे मिळाल्याची फुली आहे. जानेवारीनंतर एकही फुली नाही.

आई, तू लग्न होऊन आलीस ती संपानंतर दोन वर्षांनी, पण यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला तुझ्याकडूनच कळली. वसुली होणार नाही हे दिसत होतं तर रेघा कशाला ओढत बसलात, असं तू आजीला विचारलं होतंस. ती म्हणाली, "त्यांच्या देखत ओढायचे. रेघ दिसली की माणूस पोटभर जेवतो. न्हायतर अर्ध्या भातावरनं उठतो."

हे वाक्य तू भाजी निवडताना सहज सांगितलंस. तेव्हापासून मी ते विसरू शकलेली नाही.

त्या महिन्यांत तिच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. बाबा, तुमचा नवा पगारही त्याच भातात गेला. तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांचे होतात आणि घरात एक शब्द बोलला नाहीत. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला खानावळीची लाज वाटते. वही पाहिल्यावर वाटलं, तो राग असेल. एवढ्या माणसांना तिने जेवू घातलं आणि नंतर तिला विचारायला फारसं कुणी आलं नाही, याचा राग. चुकत असेन तर सांगा.

पण पखवाजवाले काका आले होते, आठवतं? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या वर्षी, १९९८ मध्ये. मी बारा वर्षांची होते, आपण डोंबिवलीला होतो. तांदळाचं पोतं त्यांनी दोन जिने स्वतः चढवलं. मग रुमालाची गाठ सोडून आजीपुढे नोटा ठेवल्या. आजीने तांदूळ ठेवून घेतला, रुमाल परत बांधून त्यांच्या हातात दिला आणि आत जाऊन भात टाकला. ते जेवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुम्ही तेव्हा कामावर होतात. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आणि शेवटचा महिना. संध्याकाळ झाली की ती अंथरुणातून विचारायची, "आज पानं किती?" नर्सताई गोंधळायची. तुम्ही एकदाही "आये, खानावळ बंद झाली" असं म्हणाला नाहीत. तिचा हात हातात घेऊन "बावीस" म्हणायचात. मग ती डोळे मिटायची. बाबा, तुम्ही तिला जे रोज सांगत होतात, तेच छापा एवढंच माझं म्हणणं आहे.

मजकूर शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे ना? मी दुरुस्त करून पाठवते, तुम्ही वाचून पक्का करा. आईची सही पण घ्या. आई, गुडघ्याचा पट्टा रोज बांध, नुसता उशाशी ठेवू नकोस. दिवाळीला येताना वही घेऊन येते. बाबांनी माझ्याजवळ बसून कोणतं चित्र कोणाचं ते सांगायचं, मी समोर नावं लिहीन. मासा आणि चष्मा मला आजीने सांगितले होते. छत्री कोणाची ते माहीत नाही. श्रावणाच्या पानावर शेवटपर्यंत छत्री आहे, बाकीच्या दोघांच्या रेघा थांबल्यानंतरही सहा दिवस. कोण होते ते?

दोघांनाही साष्टांग नमस्कार.

तुमची लेक