बटण घालणाऱ्याच्या हातात

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "बघ बाई, तुझं तुला." म्हणजे पटलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

पुढच्या महिन्यात आमचं यंत्र बाजारात येतंय. काड्यापेटीएवढं, गळ्यात किंवा कमरेला अडकवायचं. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे सिग्नल पकडून ते स्वतःची जागा काढतं आणि आतल्या सिमकार्डावरून घरच्यांच्या मोबाईलला कळवतं. वरची पेटी इथे नाशिकमध्येच, सातपूरला होते, जुळणी अंबडला. आतली चिप मात्र बाहेरचीच. तिथे मिरवण्यासारखं काही नाही.

बाबांना वाटतं, मी 2027 चा सिंहस्थ डोळ्यांपुढे ठेवून उडी मारलीय. तसं नाही. एका गुंतवणूकदारानेही तेच सुचवलं होतं, मी नको म्हटलं. रामकुंडावर लाखोंची गर्दी झाली की मोबाईलचं नेटवर्कच गुदमरतं. जागा कळली तरी यंत्र ती कळवणार कशावरून? 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्याच गावात "हे गळ्यात घाला, हरवणार नाही" असं सांगून विकायला जीभ रेटत नाही. तिथे पोलिसांचा भोंगाच बरा. शिवाय सराफ बाजाराच्या बोळात चाचणी घेतली तेव्हा सिग्नल भिंतींवर आपटून येत होते. मी दुकानाच्या पायरीवर उभी आणि मोबाईलवरचा ठिपका थेट गोदावरीच्या पात्रात!

मग कोणासाठी? एकट्या राहणाऱ्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या, रात्री पाण्याची पाळी असली की मळ्यात जाणाऱ्या माणसांसाठी. बाबा, तुमच्यासारख्यांसाठी.

आई म्हणाली, "मी काय गाय आहे का गळ्यात घंटा बांधायला?" त्यावरून आमच्याकडे बरेच दिवस भांडण चाललं. भागीदाराचं म्हणणं, परदेशातली मुलं पैसे देणार, तर आई-वडिलांना बंद करता येणार नाही असंच यंत्र त्यांना हवं. मी अडून बसले. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीचं आहेच, पण फॉर्मवर एकदा सही घेतली की पुढे कोण विचारतो? म्हणून बंद करायचं बटण घालणाऱ्याच्या हातात ठेवलंय. बंद केलं की घरच्यांना फक्त "बंद" एवढंच दिसतं. आवाज ऐकायची सोय ठेवलेलीच नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना हे पुरणार नाही, मान्य. ते डॉक्टरांना विचारून पुढे बघू.

आणि आई, चार्जरची पिन बारीक भोकात घालायची कटकट नाही. चुंबकाने चिकटतो. तुझी बोटं आखडतात, ते डोक्यात होतं.

बाबा, एफडी मोडू नका. पैशांची सोय झालीय आणि वर्षभर पगार घ्यायचा नाही असं मी ठरवलंय.

रविवारी दोन नग घेऊन येते. फुकट देणार नाही, भवानी तुमच्याच हातून करायचीय. सुट्टे काढून ठेवा.

तुमची,
ताई