कॉव्हेन्ट्रीहून पत्र: माझ्या जॅग्वार मार्क २ विषयी

कॉव्हेन्ट्री, इंग्लंड,
१४ मे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आल्यापासून दोन दिवस माझ्या मनात तेच घोळत आहे. साठ वर्षांच्या गाडीत पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स बसवणे म्हणजे वाड्याच्या सागवानी दाराला ॲल्युमिनियमची चौकट लावणे, असे तू लिहिलेस. टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कारखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचा हा आक्षेप असल्यामुळे मला तो लागला, म्हणून सविस्तर उत्तर लिहीत आहे.

माझी गाडी १९६२ ची जॅग्वार मार्क २, ३.८ लिटरची. सहा सिलिंडरांचे हे इंजिन तू जवळून पाहावेस अशी फार इच्छा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाँबमुळे लागणाऱ्या आगींवरच्या पहाऱ्यासाठी रात्री कारखान्यात थांबणारे जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते हेन्स, हॅसन व बेली त्या जागरणांत याच इंजिनाचा विचार करीत असत. १९४८ मध्ये ते एक्सके १२० या स्पोर्ट्स गाडीत प्रथम दिसले, १९५१ ते १९५७ या काळात त्याच्या बळावर जॅग्वारने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली, आणि त्याचे उत्पादन १९९२ पर्यंत चालू राहिले. चार दारांच्या, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड असलेल्या कुटुंबाच्या गाडीत असे इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक देणे ही १९५९ साली, मार्क २ बाजारात आली तेव्हा, मोठी हिंमत होती.

मला ती मिळाली तेव्हा मात्र हिंमत दाखवण्याची वेळ माझ्यावर आली. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे अडकतात ते भाग गंजले, तेव्हा गाडीचा कणाच गेला होता. वेल्डिंगलाच दोन हिवाळे लागले. रंगकाम त्यामानाने लवकर आटोपले.

आता तुझ्या आक्षेपाकडे वळतो. जुन्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खरखर न होता पडावा म्हणून चाकांचा वेग जुळवणारी रचना, नाही आणि बाकीचे गिअरही इतके सावकाश पडतात की इंजिनाची सारी धमक वाट पाहण्यात जाते. ही उणीव कारखान्यालाही मान्य होती, कारण १९६५ मध्ये त्यांनी स्वतःच सर्व गिअरांना सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स देण्यास सुरुवात केली. म्हणूनच मी पाच गिअरांचा नवा बसवला. मग मी इंजिनाच्या हेडमधील वायुमार्ग घासून गुळगुळीत केले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आणि गर्दीत पाणी उकळू नये म्हणून मोठा रेडिएटर व विजेचा पंखा लावला. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले, कारण इथल्या पेट्रोलमध्ये आता दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला खाते. उसाच्या प्रदेशात राहणाऱ्या तुला ही अडचण वेगळी सांगायला नको. हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, लाकूड, चामडे आणि डायल मात्र जसेच्या तसे आहेत.

हे सारे करताना एक नियम मी कसोशीने पाळला: मूळ पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही आणि काढलेला एकही भाग टाकायचा नाही. हेडमधले घासकाम सोडले, तर जे काळाच्या पुढे होते त्याला मी हात लावलेला नाही. जे मागे पडले होते तेवढेच बदलले, आणि तेही पुन्हा पूर्ववत करता येईल अशा रीतीने. तुझ्या वाड्याची चौकट मी कापलेली नाही.

गेल्या रविवारी फॉस वे या सरळ रोमन रस्त्यावर तिला नेले. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज घोगऱ्यावरून खणखणीत होत गेला आणि मला आपल्या खंबाटकी घाटातल्या जुन्या फेऱ्या आठवल्या. ज्या कंपनीत तू राबलास तिच्याकडेच २००८ पासून जॅग्वार आहे, हेही मनात आले.

जुना गिअरबॉक्स तेल लावून, कापडात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे. सप्टेंबरात येशील तेव्हा आधी नवा चालवून पाहा, मग तो फळीवरचा आपण दोघे मिळून उघडू. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर