कोजन फक्त साखर कारखान्यांनीच करायचं का?

संपादक साहेब, नमस्कार.

साखर कारखान्यांच्या कोजनबद्दल, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि वाफ दोन्ही मिळवण्याबद्दल (सहवीजनिर्मिती), पेपरात नेहमी येतं, चांगलंच आहे, पण आमच्या इचलकरंजीतल्या प्रोसेस हाऊसमधे (कापड रंगवण्या-सुकवण्याच्या कारखान्यांत) रोज वाफेचं प्रेशर नुसतं वाया जातं त्याबद्दल कोणीच लिहीत नाही.

बहुतेक ठिकाणी बॉयलर साडेदहा किलो प्रेशरचा आणि कापड सुकवायच्या सिलिंडरला, रंगवायच्या जिगरला वाफ लागते तीन-चार किलोची, मग मधे पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) बसवून प्रेशर पाडतात. त्या पडण्यातून काहीच मिळत नाही! तिथंच छोटी बॅकप्रेशर टर्बाइन बसवली की वाफ आधी वीज करते आणि मग तीच वाफ कापड सुकवायला जाते. तासाला एक टन वाफेमागं २०-२५ किलोवॉट धरा, म्हणजे पाच टनाला शंभरच्या आसपास. वाफेतली जेवढी उष्णता विजेत गेली तेवढीच जादा जाळावी लागते, त्यामुळं विजेच्या एका युनिटला साधारण ३०० ग्रॅम कोळसा पुरतो. औष्णिक केंद्रात याच्या दुप्पट लागतो कारण तिथं वाफेतली निम्म्याहून जास्त उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत जाते.

मग ही मशीन खपत का नाहीत? एक तर विकणारे पीक लोड (वाफेची सगळ्यात जास्त मागणी) बघून मोठं मशीन गळ्यात मारतात. सगळे जिगर एकदम तापवताना जी वाफ लागते ती दिवसभर नसते, निम्म्या लोडवर टर्बाइन काही कामाची नाही, आणि ओल्या वाफेतलं पाणी काढणारा चांगला सेपरेटर नाही लावला तर टर्बाइनची ब्लेड झिजतात. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात असंच झालं आणि ते बघून आजूबाजूच्या चार जणांनी विचार सोडून दिला. सायझिंगवाल्यांना (विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्यांना) तर परवडणारच नाही, बॉयलरच छोटा असतो, उगाच कोणी त्यांना स्वप्नं दाखवू नयेत. गॅस जाळून वीज करणाऱ्या छोट्या टर्बाइनचं, म्हणजे मायक्रोटर्बाइनचंही आपल्याकडं अवघड आहे, गॅस महाग आणि गॅस इंजिन तेवढ्याच गॅसमधे जास्त वीज देतं. त्या धंद्यातली अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली कंपनी कॅपस्टोन, तीसुद्धा २०२३ मधे दिवाळखोरीत गेली. आपलं खरं मार्केट वाफेचंच आहे.

आणि कायदा आपल्या बाजूनं आहे. २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम ८६ मधे राज्य वीज नियामक आयोगानं सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन द्यावं असं स्पष्ट लिहिलंय, आणि शहाडच्या सेंच्युरी रेयॉनच्या केसमधे २०१० ला विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणानं इंधन कुठलंही असलं तरी कोजनला हे लागू आहे असं सांगितलं.

म्हणून महाऊर्जाला (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेला) विनंती आहे की आधी प्रोसेस हाऊसच्या वाफेचं तासातासाचं मोजमाप करून द्या, तेही मशीन विकणाऱ्यांकडून नको. आणि महावितरणनं अशा छोट्या, सगळी वीज आतच वापरणाऱ्या टर्बाइनला ग्रिडबरोबर चालवायची परवानगी सोप्या एका अर्जावर, ठराविक मुदतीत द्यावी.

- एक वाचक, इचलकरंजी