भाड्याच्या खोलीतली ओल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की कोल्हापुरात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीशिवाय दुसरा विषय नसतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण पाणी ओसरल्यावर भिंतींत जी ओल मुरते, तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. ती भोगतात मुख्यतः तळमजल्याचे भाडेकरू, कारण त्यांना परवडतात त्या याच खोल्या.

मी शुक्रवार पेठेत शिकवण्या घेते. सुतारवाडा, दुधाळी भागातली मुले माझ्याकडे येतात. वडील शिरोलीच्या फौंड्रीत नाहीतर उद्यमनगरात, आई धुण्याभांड्याला. एका मुलीच्या घरी गेले, तर तिची वह्या-पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेली. ट्रंकेतसुद्धा बुरशी येते म्हणे. दहा बाय दहाची खोली. एकुलती खिडकी नाल्याच्या वासामुळे कायम बंद. स्वयंपाकाची वाफ आत, ओली धुणी आत, हाताला लागतील असे भिंतीचे पोपडे. धाकट्याचा खोकला दिवाळीपर्यंत हटत नाही. "मालकास्नी सांगितलं तर म्हणत्यात, परवडत नसंल तर खोली मोकळी करा," तिची आई सांगत होती. नव्या खोलीचे डिपॉझिट कुठून आणायचे? म्हणून ती गप्प बसते.

तिच्याकडे भाडेकरार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खोली राहण्याजोगी ठेवणे हेही याच कायद्याने मालकाचे काम ठरवले आहे. हे त्या माउलीला कोणी सांगितलेलेच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचनामे झाले, तेव्हाही आपण इथेच राहत होतो हे दाखवायला अशा कुटुंबांच्या हाती कागद नव्हता. सगळेच मालक वाईट नाहीत. काहींचे घर त्या भाड्यावरच चालते. त्यांना दुरुस्तीसाठी मदत द्यायला हरकत नाही, पण करार नोंदवल्यावरच.

महापालिकेला विनंती आहे. पूररेषेतल्या भाड्याच्या खोल्यांची पावसाळ्याआधी पाहणी करा आणि राहणाऱ्यांची नावे वॉर्डनिहाय नोंदवून ठेवा. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. त्याखाली कोल्हापुरात पूररेषेबाहेर किती घरे आणि कधी होणार, हे महापालिकेने जाहीर करावे.

आपली,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर