स्वस्ताईचा हिशेब

पुणे,
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मायना बरोबर आहे ना, बाबा? आईवडिलांना ‘तीर्थरूप’, बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. तिसरीत असताना मी मामाला ‘तीर्थरूप’ लिहिलं आणि तुम्ही पोस्टकार्ड नवं आणून पुन्हा लिहायला लावलंत. पंधरा पैसे वाया गेले म्हणून आई दिवसभर धुसफुसत होती.

पत्र का, तर फोनवर आपलं बोलणं होत नाही. तुम्ही कानाचं मशीन कपाटात ठेवता, आई मध्येच फोन घेऊन ‘जेवलीस का’ विचारते आणि तेवढ्यात तुम्ही ‘बिल येतंय, ठेव’ म्हणता. फोन आता फुकट आहे, हे तुम्हाला दहा वर्षांत कुणी पटवू शकलेलं नाही. मुंबईला आजीला ट्रंक कॉल लावायचा तर तुम्ही आधी कागदावर मुद्दे काढायचात. तीन मिनिटं झाली की मधली बाई ‘थ्री मिनिट्स’ म्हणायची. ती बाई तुमच्या कानात अजून बसलेली आहे.

आधी कबुली देते. दिवाळीला आले तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून तुमची एक हिशेबाची वही मी न विचारता उचलून आणली आहे. १९८६-८७ ची, लाल कापडी बांधणीची. शोधत बसू नका, नीट आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे.

कारण तुम्हाला माहीत आहे. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आपण मंडईत गेलो होतो. कोथिंबिरीची जुडी वीस रुपये म्हटल्यावर तुम्ही त्या मावशींना केवढं ऐकवलंत! ‘आमच्या वेळी कोथिंबीर भाजीवर फुकट टाकायचे.’ त्या हसल्या, पाटीला लटकवलेला क्यूआर कोड दाखवून म्हणाल्या, ‘आजोबा, तुमच्या वेळचे पैसे पन द्या मग.’ मी पैसे भरले, ते तुम्हाला आवडलं नाही. घरी येईपर्यंत तेच चाललं होतं: काय ती स्वस्ताई होती, सोनं दोन हजार रुपये तोळा होतं, बाराशे रुपये पगारात घर चालत होतं, आता लाखभर मिळवतात आणि रडतात. ते रडणारे आम्ही, हे मला कळलं.

तर मी हिशेब मांडून बघितला. तुमचीच लेक.

जुलै १९८६. हातात आलेला पगार १,२३८ रुपये ४० पैसे. तीस दिवसांनी भागलं तर दिवसाला एक्केचाळीस रुपये आणि वर थोडे. शेंगतेल तुम्ही बावीस रुपये किलोनं आणलंय, चार किलो. म्हणजे एक किलो तेलासाठी तुम्ही अर्ध्या दिवसाहून जास्त खुर्चीत बसत होतात. आज तुमच्याच खुर्चीत, तेवढ्याच नोकरीचा कारकून बसला, तर महिन्याला अठ्ठेचाळीस-पन्नास हजार तरी उचलेल. त्याचं किलोभर तेल साधारण तासाभरात निघतं. दूध साडेचार रुपये लिटर होतं, तुमच्या दिवसाच्या कमाईत नऊ लिटर यायचं. त्याच्या कमाईत पंचवीसच्या वर येतं. स्वस्त कोणाला होतं, बाबा?

सोन्याचं तर फारच गमतीचं निघालं. ८६ साली तोळा दोन हजार एकशेचाळीसच्या आसपास. तुमचे पावणेदोन महिने. आता लाखाच्या वर गेलंय. त्याचेही दोन-अडीच महिने. एवढी वर्षं आकडा पळतोय आणि कारकुनाच्या हातापासून सोनं आहे तिथंच आहे.

आणि पगाराच्या चिठ्ठीवर (ती पण वहीत चिकटवलेली आहे, डिंकानं पान पिवळं पडलंय) एक ओळ आहे: महागाई भत्ता. स्वस्ताई होती तर भत्ता कशाचा घेत होतात?

तुम्ही म्हणाल, त्याच्या आधीचं बघ. त्याच्या आधीचं तर तुम्हीच सांगितलंय. बहात्तरचा दुष्काळ. तुम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे, मंगळवेढ्याकडच्या रस्त्याच्या कामावर हजेरी लिहायला लागलात. खडी फोडणाऱ्या बायकांची नावं, अंगठे, सुकडीचं वाटप. अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची आणि आजी तिला तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायची. आई त्या वर्षी गोरेगावला अठराची होती. महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायका मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर थाळ्या-लाटणी वाजवत रस्त्यावर उतरल्या, त्यात मुंबईच्या आजीचं लाटणं घेऊन गेलेली मुलगी सोलापूरच्या सासरी येऊन ‘त्या काळी सगळं स्वस्त होतं बाई’ म्हणायला लागली! आई, खरं सांग, ते लाटणं परत मिळालं का गं? आजी मरेपर्यंत त्यावरून बोलायची.

आकड्यांचं जाऊ दे. वही उघडली ती भांडायला, पण वाचत बसले. रात्रीचे दीड वाजले, जावई उठून बघून गेले.

तुम्ही हिशेब लिहायला बसायचात ते दृश्य तसंच्या तसं आलं समोर. रात्रीची जेवणं झाली, आईनं ओटा पुसला की तुम्ही ट्रंक पुढ्यात ओढायचात, तिच्यावर वही, वर ‘श्री’, शाईचं पेन झटकून फरशीवर एक थेंब. मग आईला एकेक विचारायचं. आई पदराच्या गाठीतून मोड काढून ठेवायची आणि आठवायची: चपलेचा अंगठा पन्नास पैसे, स्टोव्हची पिन दहा पैसे, कंदिलाची काच, छत्रीची काडी, भांड्यांना कल्हई. जुलैचं अख्खं एक पान दुरुस्त्यांचं आहे. माझी तिसरीची पुस्तकं निम्म्या किमतीत शेजारच्या वाड्यातल्या पोरीकडून घेतलेली आणि माझी दुसरीची निम्म्या किमतीत विकलेली, दोन्ही नोंदी एकाखाली एक. डॉक्टरांचे पाच रुपये, त्यात औषध आलं. त्या काचेच्या बाटलीवर कम्पाउंडर कागदाची नक्षी कापून चिकटवायचा ना डोसाच्या खुणांसाठी, ती मी सोलून वहीत ठेवायचे. त्या पाच रुपयांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. दवाखाना, शाळा आणि घर, या तिन्हींत तुमचा काळ जिंकला. नातवाच्या शाळेची फी मी तुम्हाला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. दोन खोल्यांचं भाडं सव्वाशे, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा. आमचा हप्ता तिसरा हिस्सा खातो.

९ जुलैला एक नोंद आहे. ‘चू. भू. ०.१०’. चूकभूल, दहा पैसे.

ती रात्र मला आठवते. हिशेब दहा पैशांनी लागत नव्हता. तुम्ही तीनदा बेरीज केलीत, आईनं पदर झटकला, देवळीतला डबा उलटा केला, मी अंथरुणात डोळे मिटून पडले होते. ती दहा पैशांची कातर कडांची नाणी होती ना, त्यातलं एक मी देवळीतून घेतलं होतं. शाळेबाहेरच्या म्हातारीकडे मीठ-तिखट लावलेली कैरी मिळायची. खाल्ली आणि दिवसभर पोटात दुखलं, कैरीनं की भीतीनं कोण जाणे. तुम्ही शेवटी दिवा मालवलात, पण बराच वेळ झोपला नव्हतात. तर ते मी होते. आता नोंद दुरुस्त करायला हरकत नाही: ‘ताई, कैरी’.

आणखी एक सापडलं. हे तुम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

दूध. रतीब दीड लिटरचा होता, मला नक्की आठवतंय, कासंडीतून दोन मापं पडायची, एक मोठं, एक लहान. एकतीस दिवसांचे साडेचारनं २०९ रुपये २५ पैसे व्हायला हवेत. वहीत १८९ आहेत. मी म्हटलं तुमच्याकडून चूक होणार नाही, काहीतरी असेल. मग बारीक अक्षरात कडेला दिसलं: ‘ता. २३ पासून १ लि.’ ऑगस्टमध्ये तेच. सप्टेंबरमध्ये २१ पासून. लहान माप महिनाअखेरीला येतच नव्हतं.

आई, तुला पित्ताचा त्रास होता लहानपणी आमच्या. ‘आज मला चहा नको गं, आंबट पाणी येतंय.’ धाकट्याला आणि मला कप भरून दूध, आजोबांना चहा, बाबांना चहा, तू जिऱ्याचं पाणी. आजोबा तर वर म्हणायचे, ‘आमच्या काळात रुपयाला कितीतरी पायल्या ज्वारी यायची, तुम्हाला पैसा वापरताच येत नाही.’ तू ऐकून घ्यायचीस. मी वहीवरून ताडून बघितलं असं नाही म्हणत, पित्ताची तारीख कुणी लिहिलेली नाही. पण ते पित्त पगार झाल्यावर उतरायचं, एवढं मला आता आठवतंय.

मे ८७ मध्ये आत्याचं लग्न. खर्चाची चार पानं: मंडप, केटरिंग हा शब्द तेव्हा आपल्या घरात नव्हता म्हणून ‘आचारी’, बुंदी, अक्षता, बॅंडवाले, वऱ्हाडासाठी एसटी. जमेच्या बाजूला पतपेढीचं कर्ज, मामाचा आहेर आणि त्याखाली ‘इतर जमा ४,९५०’. मला ‘इतर’ कळेना. धाकट्याला फोन केला, त्याला काय माहीत असणार. मग लग्नातला तो फोटो काढला. आत्याच्या मागे आई उभी आहे, हातात हिरवा चुडा, कोपरापर्यंत. त्यात सोन्याच्या दोन बांगड्या नाहीत. आधीच्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या फोटोत आहेत, काठ्यांच्या मिरवणुकीला हात वर केलाय त्यात चमकतायत.

बाबा, स्टोव्हच्या पिनेचं नाव लिहिलंत, छत्रीच्या काडीचं लिहिलंत. बांगड्यांना ‘इतर’?

रागावून नाही लिहीत. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. त्या पानावर तुमचं अक्षर नेहमीसारखं नाही, ‘इतर’मधला ‘र’ खाली घसरलाय. शब्द सापडला नसेल तुम्हाला. मलाही काही फार चांगला सुचत नाहीये.

आता कामाचं. तुमच्या कपाटातला तो चार आण्यांचा डबा काढून टाका, असं धाकटा म्हणतोय. ३० जून २०११ ला चार आणे बंद झाले. तेव्हा बँकेत नेऊन बदलून घ्यायला सांगितलं होतं, तर ‘सरकार विचार बदलेल’ म्हणालात. आता बदलत नाही. पण टाकू नका. त्यात ती कमळाची पितळी वीस पैशांची नाणी आहेत, ती मला हवी आहेत, लक्ष्मीपूजनाला. बाकीचे नातवाला खेळायला.

भाजीवाल्या मावशींकडे पुढच्या वेळी गेलात तर त्यांना सांगा, हिशेब चुकला होता. किंवा नुसती कोथिंबीर घ्या, वीसला.

गड्ड्याला चार दिवस सुट्टी काढून येणार आहोत चौघेही. गाडीनंच येऊ, ‘टोलमध्ये किती गेले’ विचारू नका. येताना वही आणते. ८८ ची काढून ठेवा, मला माझ्या सायकलची नोंद बघायची आहे. आई, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेव, इथल्या दुकानातली चटणी लसणीचा नुसता वास लावून विकतात. मशीन कानात घालून बसा, बाबा, म्हणजे समोरासमोर भांडता येईल.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, १४ जुलै १९८६ च्या पानावर बेरीज चुकली आहे. चाळीस पैशांनी. मी चार वेळा करून बघितली.