मातीच्या भिंतीला सिमेंट नको

न्यू ऑर्लिन्स

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

वादळाच्या बातम्या बघून घाबरू नका. ज्या जुन्या घरांच्या डागडुजीचं काम करतोय ती मिसिसिपीच्या काठी दोनशे वर्षं उभी आहेत. वस्ती वरच्या मजल्यावर, तळमजला विटांचा, चारी बाजूंनी पडवी. पाणी आलंच तर खाली राहतं. जेवण वेळेवर होतं, हेही लिहून ठेवतो.

इथली एक रीत मात्र आईला खुळेपणा वाटेल. दिवाणखाना रंगवून झाला की एका भिंतीचा हातभर भाग मुद्दाम गिलाव्याविना उघडा ठेवतात. आपण पाहुणे यायच्या आधी पोपड्यावर कॅलेंडर टांगतो, इथे तिकीट काढून पोपडा बघतात. आत आपला कूडच! सायप्रस नावाच्या झाडाचे खांब, मध्ये आडव्या काठ्या, वर माती. पेंढ्याऐवजी ओकच्या फांद्यांवरून लोंबणारी, जटेसारखी करडी वनस्पती घालतात. ती ओली करून ढिगात कुजवायची. साल गळली की काळा, केसासारखा तंतू उरतो. तो मातीत तुडवून गोळे काठ्यांवर गच्च थापायचे, वरून चुना. तंतू कमी पडला तर वाळताना माती भेगाळते.

बाबा, ‘गोऱ्या जमीनदारांचे वाडे कशाला जपायचे’ म्हणालात. वाडे त्यांचे, हात दुसऱ्यांचे. इथल्या डेस्ट्रेहान नावाच्या वाड्याचा १७८७चा बांधकामाचा करार शिल्लक आहे. मालक रोबँ द लोनीने काम शार्ल पाके या स्वतंत्र, मिश्रवंशी गवंड्याला दिलं. मोबदला: एक गुलाम, गाय-वासरू, मका, भात आणि काम संपल्यावर १०० डॉलर. माणूस आणि गाय एकाच यादीत. पुढे वाडा लोनीच्या जावयाकडे गेला, निळीच्या जागी ऊस आला. १८११मध्ये गुलामांचं बंड चिरडल्यावर त्यांच्यावरचा खटला याच वाड्यात चालला. नदीपलीकडे हायडेल घराणं. मूळ पुरुष १७२१ साली जर्मनीहून आलेला. त्यांच्या वाड्यात २०१४पासून गुलामांच्या बाजूने इतिहास सांगतात. हे सांगायचं नसेल तर नुसता पोपडा दाखवून उपयोग नाही.

आता काकांना निक्षून सांगा: माजघराच्या मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. जमिनीतली ओल वर चढते, सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, मग माती आतून भुसभुशीत होते, खांबाचा बुंधा कुजतो आणि वाळवी लागते. वरून भिंत झकास दिसते, हाच धोका. आधी पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढा. मग एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. पातळ थर, आणि आठवडाभर ओली गोणपाटं. पावसाळ्यात हात लावू नका.

त्यासाठी ६० हजार पाठवलेत. ताईच्या लग्नाचे वेगळे, ते यात धरू नका. साखरपुड्याला येणं जमत नाही. ताईला मीच फोन करतो, तुम्ही आधी सांगू नका. लग्नाला नक्की. आणि माझ्यासाठी बघितलेल्या स्थळाला होकार-नकार काही कळवू नका. मुलीला एवढंच सांगा की अजून दोन वर्षं तरी मी इथेच आहे. ते चालत असेल तर नंबर द्या.

आपला,
बंड्या

ता.क. आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, पैसे आहेत.