ज्या गाण्यात गिटार नाही

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

"बँडमध्ये आता माझं काम काय, तेच कळत नाही," असं तू फोनवर म्हणालीस. नवीन गाणी लॅपटॉपवर तयार होतात, ठेका मशीनचा, सूर सिंथचे (सिंथेसायझरचे), आणि तू गिटार मांडीवर घेऊन तालीम संपायची वाट बघत बसतेस. सोडू का, हेही विचारलंस. तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं, कारण माझं म्हणणं लांबलचक आहे आणि ते लिहूनच नीट सांगता येईल.

रेडिओहेड या इंग्लिश बँडचा 'किड ए' हा अल्बम मला तूच ऐकवलास. तेव्हापासून मी तो पुष्कळदा ऐकला आणि त्याविषयी मिळेल ते वाचलं. त्या अल्बमची गोष्ट बहुतेक लोक थॉम यॉर्कची गोष्ट म्हणून सांगतात: गायकाला गिटारचा कंटाळा आला आणि त्याने सगळं बदलून टाकलं. मला मात्र उरलेल्या चौघांची गोष्ट मोठी वाटते. गिटारवादक जॉनी ग्रीनवुड, त्याचा थोरला भाऊ, बासवादक कॉलिन, गिटारवादक एड ओब्रायन आणि ड्रमवादक फिल सेल्वे. ही पाचही मुलं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या शाळेतली, १९८५ पासून एकत्र वाजवणारी. बँडमध्ये गिटार वाजवणारे तिघे. आणि एके दिवशी त्यांच्यातला गाणी लिहिणारा माणूस म्हणतो की आता मला चाली नकोत, मला फक्त लय हवी आहे. त्या दिवशी बाकीच्यांना काय वाटलं असेल, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

यॉर्कचंही खरं होतं. आधीचा अल्बम 'ओके कॉम्प्युटर' १९९७ मध्ये आला, जगभर गाजला, आणि त्यानंतरच्या लांबलचक दौऱ्याने यॉर्क आतून पार कोलमडला. लिहायला बसला की काही सुचेना. त्यांच्यासारखा आवाज काढणारे बँड जिकडेतिकडे दिसू लागले होते, त्यामुळे स्वतःचंच संगीत त्याला परकं वाटू लागलं. त्या काळात तो एफेक्स ट्विन, ऑटेकर अशा इलेक्ट्रॉनिक कलाकारांना ऐकत होता. कॉर्नवॉलमध्ये घर घेऊन तो फिरायचा, चित्रं काढायचा आणि एका पियानोवर बसायचा. पियानो त्याला धड येत नव्हता. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' हे गाणं तिथलं. हात सरावलेला नसला की बोटं जुन्या वाटेने जात नाहीत, आणि त्या गाण्यात ते मला स्पष्ट ऐकू येतं.

पण एडला हवी होती छोटी, सुरेल, गिटारची गाणी. जानेवारी १९९९ मध्ये ते पॅरिसला रेकॉर्डिंगला बसले, मार्चमध्ये कोपनहेगनला गेले. कोपनहेगनहून परतले तेव्हा हातात पंधरा-पंधरा मिनिटांची सुमारे पन्नास रिळं होती आणि पूर्ण झालेलं एकही गाणं नव्हतं. यॉर्क गाणी घेऊन यायचाच नाही. एखादा ठेका, एखादा आवाज, अर्धवट तुकडा, एवढंच आणायचा. एडने नंतर मुलाखतीत अगदी तुझ्यासारखंच सांगितलंय: आपण गिटारवादक, आणि अचानक कळतं की या गाण्यात गिटारच नाही, किंवा ड्रम नाहीत, आणि भीती वाटते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बँडपैकी एकातला माणूस हे बोलतोय. तेव्हा ही भीती म्हणजे तुझ्यात काहीतरी कमी असल्याची खूण, असं मनात आणू नकोस.

पुढे निर्माता नायजेल गॉडरिचने एक युक्ती काढली. त्याने बँडची दोन गटांत वाटणी केली आणि त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. एका गटाने आवाज तयार करायचे, दुसऱ्याने त्यांच्यावर काम करायचं, आणि गिटार, ड्रम अशा नेहमीच्या वाद्यांना हात लावायचा नाही. त्यातून अल्बममध्ये थेट काही फारसं आलं नाही म्हणतात. पण ज्याला वाटत होतं की वाद्य हातात नसेल तर मी कुणीच नाही, त्याला आपला कान शाबूत असल्याचं कळलं. मला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. तू गिटार वाजवतेस हे खरं, पण बँडला तुझ्याकडून मिळतं ते तुझ्या बोटांआधी तुझ्या कानांमधून.

आता एडने काय केलं बघ. त्याने सूर न विझता कितीही वेळ टिकवणारी उपकरणं घेतली, त्यांना सूर पुन्हा पुन्हा फिरवणारे लूप आणि पडसाद उठवणारे डिले जोडले, आणि गिटारमधून असे आवाज काढले की ऐकणाऱ्याला सिंथच वाटावा. 'ट्रीफिंगर्स' हा तुकडा तुला संथ, धूसर, कुठल्याच वाद्याचा नसल्यासारखा वाटतो ना? तो एडच्या गिटारचा आवाज आहे. यॉर्कने त्याचे नमुने घेऊन त्यांचं रूप पालटलं. तुकडा म्हणून तो मला फार आवडत नाही, अल्बमच्या मधोमध जरा रेंगाळतो. पण गिटार हद्दपार केल्याची कीर्ती असलेल्या अल्बममध्ये गिटार अशी लपून बसली आहे. 'ऑप्टिमिस्टिक'मध्ये तर ती उघड उघड आहे.

कॉलिनचं मला फार कौतुक वाटतं. 'द नॅशनल अँथेम'ची ती दणकट बासची ओळ यॉर्कने शाळकरी वयात रचलेली, आणि रेकॉर्डिंगवर वाजवलीही त्यानेच. बँडच्या बासवादकासमोर गायक बास वाजवतो, आणि तेही अशा गाण्यात जिथे बास म्हणजे पाठीचा कणा! कॉलिन तरीही राहिला, आणि मैफलीत ती ओळ आपली करून वाजवत आला. हे साधंसुधं मन नाही.

आणि जॉनी. त्याला ओंद मार्तेनो या इलेक्ट्रॉनिक वाद्याचं वेड लहानपणापासून. पंधराव्या वर्षी त्याने मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराची एक सिम्फनी ऐकली होती, त्यात ते होतं. मॉरिस मार्तेनो या फ्रेंच माणसाने १९२८ साली ते लोकांपुढे आणलं. दिसायला पेटीसारख्या पट्ट्या, पण पट्ट्यांपुढे एक तार असते आणि त्या तारेतली अंगठी बोटात घालून सरकवली की सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जातो. मी आयुष्यभर गायकांना पेटीची साथ केली, आणि पेटीला मींड येत नाही हे शल्य मला कायम राहिलं. गवई दोन स्वरांच्या मधल्या जागेतून जातो, आणि आपण त्या जागेच्या काठावर उभे. म्हणून 'हाऊ टू डिसॅपिअर कम्प्लीटली' ऐकताना मला त्या वाद्याचा हेवा वाटतो. जॉनीने ओंद मार्तेनोचे थरांवर थर रेकॉर्ड करून त्यावरून व्हायोलिनवृंदाची रचना केली. डॉर्चेस्टरच्या जुन्या चर्चमध्ये वादकांनी त्याची स्वरलिपी पाहिली तेव्हा त्यांना हसूच आलं, कारण त्याने लिहिलेलं वाजवणं त्यांना अशक्य वाटत होतं. त्यांचे संचालक जॉन लबक यांनी तरीही त्यांना प्रयोग करायला लावला. गाण्याच्या शेवटी तो वृंद सूर सोडून भरकटतो आणि पुन्हा जागेवर येतो, तेव्हा माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. गिटारवादकाने गिटार बाजूला ठेवून केलेलं हे काम आहे.

अल्बमचं शेवटचं गाणं तुझ्याआधी मी ओळखलं होतं, आठवतं? भाता हलल्याचा तो श्वास ऐकल्याबरोबर मी म्हणाले, ही तर पायपेटी. संगीत नाटकात साथीला असायची, तीच जातकुळी.

'इडिओटेक'ची गोष्टही तुला पूर्ण माहीत नसेल. जॉनीने यंत्रांवर सुचेल तसं वाजवून पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग यॉर्कच्या हवाली केलं. त्यातला एक लहानसा भाग यॉर्कला भावला, तेवढाच उचलून त्याने गाणं रचलं. आता विचार कर, पन्नास मिनिटांतलं जवळजवळ सगळं वाया गेलं असं जॉनी म्हणू शकला असता. त्या गाण्याचे चार स्वरसंघ पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ च्या संगणकीय रचनेतले आहेत. जॉनीने त्यांना पत्र लिहून परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. रेकॉर्डिंगवर ठेका मशीनचा आहे, पण मैफलीत फिल त्यावर ड्रम वाजवतो, आणि गाणं निराळंच पेट घेतं. २००१ च्या लाइव्ह अल्बममध्ये ते आहे, नीट ऐक. मशीनने घेतलेली जागा माणसाने अशी परत मिळवली.

अल्बम २ ऑक्टोबर २००० ला इंग्लंडमध्ये आला. सिंगल म्हणून सुटं काढलेलं एकही गाणं नाही, नेहमीसारखा व्हिडिओ नाही. काही नावाजलेल्या समीक्षकांनी झोडपला, काहींनी डोक्यावर घेतला. अमेरिकेत विक्रीच्या यादीत 'ओके कॉम्प्युटर' एकविसाव्या क्रमांकापर्यंतच पोचला होता. हा थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच सत्रांतल्या उरलेल्या गाण्यांचा 'अम्नेसियाक' पुढच्या जूनमध्ये आला.

हे वाचून "म्हणजे आई राहा म्हणतेय" असं घाईने ठरवू नकोस. त्यांच्याकडे कंपनीचा पैसा होता, पुढे स्वतःचा स्टुडिओ होता, वर्षाहून जास्त वेळ होता. तुम्ही तासाच्या भाड्याने खोली घेता. शिवाय त्यांनी आपसांत स्पष्ट ठरवलं होतं की प्रकाशित करण्याजोगा अल्बम सगळ्यांच्या संमतीने झाला नाही, तर बँड मोडायचा. हे ठरवणं मला फार प्रामाणिक वाटतं. मनात कुढत बसण्यापेक्षा तुम्हीही एकदा समोरासमोर बसा आणि मुदत ठरवा. त्या मुदतीनंतरही तुझं म्हणणं कुणी ऐकत नसेल, तर खुशाल नीघ. मी पाठीशी आहे. पण एखाद्या गाण्याला गिटारची गरज नाही, एवढ्यावरून उठू नकोस. विलंबितात कितीतरी वेळ माझी बोटं पट्ट्यांवर नुसती टेकलेली असायची आणि मी ऐकत असायचे. गवई वळून बघायचा तो त्याच वेळी.

तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. पहिल्यात खरोखरच गिटार नको, तुझी मैत्रीण बरोबर सांगतेय. दुसरं मला कळलं नाही. तिसऱ्यात ती गायला लागण्याआधी सिंथचा जो लांब सूर आहे, तो निर्जीव आहे. तिथे तू हवी आहेस. येत्या तालमीला गिटारचं अर्धा तास काहीही रेकॉर्ड करून तिच्या हातात दे आणि तिला हवं ते कापू दे. पुढच्या तालमीला तिने केलेले आवाज तू घे आणि तू काप. दोन्ही झालं की मला पाठव, कच्चं असलं तरी चालेल.

तुझी
आई